नावापुढचा कंस

(आपत्तीच्या काळात गाव, प्रशासन आणि सैन्य यांनी एकत्र काम करताना वापरायच्या साधनांविषयीच्या मार्गदर्शिकेची प्रस्तावना)

वर्धा जिल्ह्यात नुसतं ‘सोनेगाव’ म्हणून भागत नाही. देवळी तालुक्यातलं सोनेगाव सांगायचं असेल तर पुढे कंसात ‘आबाजी’ लिहावं लागतं. हिंगणघाटच्या वाटेवर याच नावाचं रेल्वे स्टेशन आहे. वायगावचीही तीच गत. वर्धा तालुक्यातलं ते वायगाव (निपाणी), समुद्रपूर तालुक्यातलं ते वायगाव (हळद्या). एसटीच्या कंडक्टरला हे पाठ असतं, पोस्टमनला असतं, लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही असतं. पण पुराच्या रात्री नागपूरहून हेलिकॉप्टर घेऊन निघणाऱ्या वैमानिकाला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी सोनेगाव म्हणजे तो जिथून उडाला तो हवाई दलाचा तळच.

पारावर बसून ऐकलं तर याचं हसू येतं. नियंत्रण कक्षात फोन हातात धरून बसलेल्या माणसाला येत नाही.

पुढची पानं या कंसाविषयी आहेत. विषयाला भारदस्त नाव द्यायचं तर ‘मदतकार्यात नागरी व लष्करी सहकार्यासाठीचं तंत्रज्ञान’ असं देता येईल. हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर ड्रोन येतात, उपग्रह येतात, भिंतभर पडदे येतात. त्यांची ओळख या पुस्तकात आहेच. परंतु हस्तलिखित वाचताना मला सर्वांत पटलं ते त्याचं साधं गृहीतक. संकटात आपल्याकडे माणसांची कमतरता सहसा नसते. होड्या, ट्रक, भाकरी, औषधंही आज ना उद्या येऊन पोचतात. वाटेत सांडते ती माहिती. सरपंचाकडून तलाठ्याकडे, तलाठ्याकडून तहसीलदाराकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मग सैन्याच्या तुकडीकडे जाताना प्रत्येक ओंजळीत ती थोडी गळते. ही गळती थांबवणारी जी जी वस्तू, ती या पुस्तकाच्या दृष्टीने तंत्रज्ञान आहे. मग तो उपग्रह असो की चार रकान्यांची वही.

ती वही मी चालवली आहे. महसूल खात्यात असताना एका तालुक्याच्या ठिकाणी पावसाळ्यात माझी रात्रपाळी लागली होती. एक टेबल, एक फोन, भिंतीवर कोपरे उडालेला तालुक्याचा नकाशा आणि समोर नोंदवही. तिच्यात वेळ, गाव, निरोप आणि केलेली कार्यवाही असे चार रकाने होते. मध्यरात्रीनंतर फोन आला, “साहेब, पाणी उंबऱ्याले लागलं जी.” मी विचारलं, कोणतं गाव? पलीकडून उत्तर आलं, “आमचंच जी!” घाबरलेल्या माणसाला जगात गाव एकच असतं. थोड्या वेळाने पोलीस पाटलाचा फोन आला, त्याने वस्तीचं नाव सांगितलं. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या एका मुलाचा आला, त्याने नाल्याचं नाव सांगितलं. मी तीन ओळी लिहिल्या आणि ती तीन ठिकाणं समजलो. उजाडल्यावर कळलं की तिन्ही निरोप एकाच चाळीस घरांच्या वस्तीचे होते. आणि जिथला फोनच बंद पडला होता, ती पलीकडची वस्ती माझ्या वहीत नव्हतीच. तिथली माणसं वाचली ती शाळेच्या गच्चीवर रात्रभर बसून राहिली म्हणून; माझ्या वहीमुळे नव्हे. तेव्हापासून नकाशापेक्षा नकाशात नसलेल्या गोष्टींची मला जास्त धास्ती वाटते.

महाराष्ट्राचा आपत्तींचा इतिहास या नजरेने वाचला तर तो वेगळा दिसू लागतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. आदल्या रात्री धरणाच्या खचत्या भरावावर जवान वाळूची पोती रचत होते. त्यांच्या कष्टांमुळे धरण रात्रीच्या अंधारात न फुटता सकाळी फुटलं आणि कितीतरी जीव वाचले, असं पुण्यातले जुने लोक कृतज्ञतेने सांगतात. पण भरावावर पोती पडत होती त्या वेळी खालचं शहर झोपलेलं होतं. धरणावर काय चाललं आहे याचा वेळेवर आणि स्पष्ट इशारा घराघरांत पोचला नाही. पराक्रम वर घडत होता, त्याची बातमी खाली आली नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरलं. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. विसर्जन आटोपून माणसं दमून झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर कोसळून जवळपास आठ हजार माणसं गेली. सैन्य आलं, ढिगारे उपसले, रस्ते मोकळे केले. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आपले संच घेऊन पोचले, कारण टेलिफोनचा भरवसा उरला नव्हता. मदत मात्र इतकी आली की रस्ते तुंबले. नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. कोणत्या गावाला काय हवं आहे आणि कोणत्या ट्रकमध्ये काय आहे, या दोन याद्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. आपल्या राज्यात जिल्हावार आपत्ती आराखडे आणि मंत्रालयातला नियंत्रण कक्ष यांचा पाया घातला गेला तो या भूकंपानंतर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेने कोल्हापूर–सांगली वेढली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, भूदल, नौदल, तटरक्षक दल असे सगळे पाण्यात उतरले होते. तरीही ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावातलीच बोट उलटून माणसं बुडाली. त्या बोटीत गर्दी का झाली असेल, हे पुराच्या वेढ्यात बसलेल्यालाच कळेल. पुढची बोट येणार की नाही आणि किती वाजता येणार हे ठाऊक नसलं की माणूस समोर आलेल्या होडीत चढतो. ‘तासाभरात दुसरी बोट येतेय’ एवढा खात्रीचा निरोपसुद्धा लाइफ जॅकेटइतकाच मोलाचा असतो.

त्याच वर्षी २७ जुलैला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर आले. तिथे रेल्वे, आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल आणि आसपासचे गावकरी अशी सगळी मंडळी होती. तरीही काम सरळ झालं याचं एक कारण उघड आहे. उभी आगगाडी हा असा पत्ता आहे की त्याला कंस लागत नाही.

आमच्या जिल्ह्याचा अनुभव मात्र उलट्या बाजूचा आहे. मी लिहितो आहे त्या वर्ध्याच्या नालवाडीहून पुलगाव दूर नाही. तिथला दारूगोळ्याचा मध्यवर्ती डेपो हा आमच्या जिल्ह्याच्या नकाशातला मोठा मौनाचा तुकडा. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जण गेले. त्यांतले बहुतेक आगीशी झुंजणारे होते. आगरगावसारख्या शेजारच्या गावांतून माणसं रातोरात बाहेर काढावी लागली. जखमींवर सावंगीच्या, विनोबांचं नाव असलेल्या रुग्णालयात उपचार झाले. नेहमी गाव हात पसरतं आणि फौज धावते. त्या रात्री फौजेच्या घराला आग लागली होती, आणि पोलीस पाटील, डॉक्टर, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर धावत होते. सहकार्य हा एकेरी रस्ता नाही, हे वर्ध्याने असं शिकून घेतलं.

या विषयातली सर्वांत अवघड गाठही तिथेच दिसते. डेपोत कोणतं कोठार कुठे आहे हे गावकऱ्याला सांगता येत नाही, सांगूही नये. पण स्फोट झाला तर कोणत्या बाजूला, किती लांब आणि कोणत्या पांदणीने निघायचं, हे त्याला ठाऊक असलंच पाहिजे. फौजेची शिस्त अशी की ज्याला गरज आहे त्यालाच सांगायचं. मदतकार्याची रीत अशी की जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगायचं. या दोन रीतींच्या मधोमध एक पट्टा असतो. कोठारात काय आहे हे गुपित राहू शकतं, भोंगा किती वेळ वाजला म्हणजे काय करायचं हे गुपित राहू शकत नाही. या पुस्तकाचा दुसरा भाग तो पट्टा आखून देतो, आणि माझ्या मते त्याचं खरं मोल तिथे आहे.

आता थोडं आकड्यांकडे वळू. ठिकाण सांगायच्या आपल्याकडे किमान चार भाषा आहेत. गावकरी म्हणतो, “मारुतीच्या पारामागं, नाल्याच्या अल्याड.” तलाठी म्हणतो, गट नंबर अमुक. सैनिक आपल्या नकाशावरून सहा आकडी ग्रिड सांगतो, ज्याने शंभर मीटरचा चौकोन नेमका कळतो. वैमानिक अक्षांश-रेखांश मागतो. चौघंही बरोबर असतात आणि एकमेकांना कळत नाहीत. नकाशेसुद्धा वेगवेगळे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सैन्यासाठी एक मालिका आणि नागरिकांसाठी दुसरी मालिका अशी वाटणीच केली होती. २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले, तरी सवयी लगेच सैल होत नाहीत.

अक्षांश-रेखांश तरी सगळ्यांचे एकच असतील, असं वाटेल. फोनवरच्या नकाशात नालवाडीवर बोट दाबून धरलं की २०.७५, ७८.६१ च्या आसपासचे आकडे येतात. हे झाले दशांशातले अंश. वैमानिकाला बहुधा अंश आणि मिनिटं लागतात. पाऊण अंश म्हणजे ४५ मिनिटं, म्हणून त्याच्या भाषेत हाच अक्षांश २० अंश ४५ मिनिटं होतो. समजा, घाईत कुणी ‘वीस पंचेचाळीस’ ऐकलं आणि कागदावर २०.४५ असं लिहिलं. एका टिंबाने ठिकाण सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकलं. नालवाडीची माणसं छपरावर उभी आणि हेलिकॉप्टर वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या बाजूला घिरट्या घालतंय! यंत्रात बिघाड नाही, माणूस आळशी नाही, फक्त टिंब कसं वाचायचं हे आधी ठरलेलं नाही. ‘आकडे पाठवताना अंश की मिनिटं हे शब्दात लिहा आणि ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्या’ ही पुस्तकातली सूचना वाचताना शाळकरी वाटते. माझ्या त्या रात्रपाळीत ती भिंतीवर चिकटवलेली असती तर बरं झालं असतं.

जगात या प्रश्नावर बरंच काम झालं आहे आणि त्याचा उगम दरवेळी श्रीमंत देशात झालेला नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रामर मंडळींनी काही आठवड्यांत ‘सहाना’ नावाची मुक्त प्रणाली उभी केली. हरवलेली माणसं, छावण्या आणि कोणती संस्था कुठे काम करते आहे, या तीन याद्या तिने एकत्र आणल्या. किल्लारीला ज्या दोन याद्या एका टेबलावर आल्या नाहीत, त्यांचंच हे उत्तर म्हणायचं. २००८ मध्ये केनियात ‘उशाहिदी’ निघालं. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ साक्ष. लोकांचे निरोप ते थेट नकाशावर मांडतं. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या हौशी नकाशाकारांनी उपग्रहचित्रं पाहून राजधानीचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर काही दिवसांत रेखाटले. त्याच हैतीत विमानतळाचा कारभार अमेरिकी सैन्याकडे होता आणि डॉक्टरांची, औषधांची काही विमानं उतरू न शकल्याने दुसरीकडे वळवावी लागली. नकाशा सामायिक झाला होता. आधी कोणाला उतरू द्यायचं हा निर्णय सामायिक झाला नव्हता. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडूतल्या तरुणांनी शाळा-दवाखान्यांचे नकाशे आधीच करून ठेवलेले होते, म्हणून ते कामी आले. शिकायचं ते हेच. विहीर आग लागण्याआधी खणलेली हवी.

आपल्याकडेही साधनांचा दुष्काळ नाही. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र पुराची उपग्रहचित्रं देतं, ‘भुवन’वर ती पाहता येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं. आमच्याकडे दरवर्षी वावरात वीज पडून माणसं आणि बैल दगावतात, त्यामुळे त्याचं मोल वेगळं सांगायला नको. ‘सचेत’ यंत्रणेतून मोबाइलवर इशारे येतात. २०२३ मध्ये चाचणीसाठी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, ते अजून कोणी विसरलेलं नसेल. नागपुरात तर नागरी संरक्षणाचं आणि अग्निशमनाचं शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. हे सगळं इथून दीड-दोन तासांच्या वाटेवर. आडात भरपूर आहे; प्रश्न पोहऱ्याचा आहे.

त्या पोहऱ्याचा दोर कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात दिला आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. सैन्य येतं ते नागरी प्रशासनाने बोलावल्यावर, आणि येऊनही सूत्रं नागरी प्रशासनाकडेच राहतात. वर्दीवाला दिसला की आता तोच सगळं बघेल, असं गावाला वाटतं आणि कधी कधी कार्यालयालाही. तसं वाटणं सोयीचं असलं तरी चूक आहे. तुकडीला बोट चालवता येते, पण कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कोणता म्हातारा बैलांना सोडून निघायला तयार होणार नाही, हे गावच्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईलाच ठाऊक असतं. तिच्या डायरीतलं ते ज्ञान बोटीपर्यंत न्यायचं, यालाच मी सहकार्याचं तंत्रज्ञान म्हणतो.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. आशाताईची यादी म्हणजे माणसांचं खासगी आयुष्य असतं. आजार, फोन नंबर, घरात एकटी कोण राहते, हे सगळं एका व्हॉट्सॲप गटावर टाकलं की ते परत गोळा करता येत नाही. पूर ओसरतो, फोटो आणि याद्या फिरत राहतात. गडचिरोलीत प्रश्न आणखी नाजूक होतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. तिथे सुरक्षा दलांचं हेलिकॉप्टर कधी रुग्णाचा जीव वाचवतं. पण जिथे बंदुकांचा संघर्ष झाला आहे, तिथे कोण कोणाच्या हेलिकॉप्टरमध्ये बसलं याचाही अर्थ लावला जातो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९९४ मध्ये तयार झालेल्या ऑस्लो मार्गदर्शक सूचनांनी लष्करी साधनं शेवटचा उपाय म्हणून वापरावीत आणि मदतीचं मानवतावादी रूप जपावं, असा आग्रह धरला. हा आग्रह पुलगावला जसाच्या तसा लागू होणार नाही, भामरागडला त्याचा विचार करावा लागेल. एकच साचा दोन्हीकडे चालत नाही, हे पुस्तक प्रामाणिकपणे सांगतं.

नालवाडीत बसून सैन्याबरोबरच्या सहकार्याची प्रस्तावना लिहिताना मला स्वतःलाच एक प्रश्न पडला. १९३२ च्या अखेरीला विनोबा इथे राहायला आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत इथे सूत कातत राहिले. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा हिशेब त्यांनी स्वतःच्या पोटावर करून पाहिला. शांतिसेना उभी करणाऱ्या विनोबांच्या या गावात फौजेशी हातमिळवणीची भाषा शोभते का?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. मदतीसाठी राजेंद्रबाबूंच्या पुढाकाराने समिती उभी राहिली, वर्ध्याहून जमनालाल बजाज तिकडे गेले. ज्या सरकारशी लढा चालू होता, त्याच सरकारला मदतकार्यात आदरपूर्वक सहकार्य देण्याचा ठराव पाटण्यात स्वतः गांधीजींनी मांडला. आणि त्या मदतीचे हिशेब सांभाळायला बसले जे. सी. कुमारप्पा, जे पुढे इथल्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करत राहिले. हिशेबाच्या बाबतीत ते इतके काटेकोर की गांधीजींच्या मंडळींचा खर्चसुद्धा मदतनिधीतून करायला त्यांनी नकार दिला होता. मतभेद बाजूला न ठेवताही एका वहीत काम करता येतं, हे त्या मंडळींनी दाखवून दिलं. सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून घेतलेला टेलिफोन पाहायला आजही लोक जातात. दोन टोकांची माणसं, पण तार मात्र एकच.

पुस्तकाचा वापर कसा करावा, तेवढं सांगून थांबतो. पहिला भाग गावाने वाचावा, दुसरा तहसील आणि पोलीस ठाण्याने, तिसरा माजी सैनिकांनी. हे तिसरे वाचक मला फार महत्त्वाचे वाटतात. प्रत्येक मोठ्या गावात एखादा निवृत्त सुभेदार असतो. ग्रिड त्याला वाचता येतो आणि पांदणही त्याला माहीत असते. दोन्ही भाषा येणारा असा दुभाष्या घरचाच असताना आपण त्याला फक्त झेंडावंदनाला बोलावतो. त्याला ग्रामपंचायतीच्या आपत्ती समितीत घ्या, हा या पुस्तकातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मृगाला अजून थोडा अवकाश आहे. पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान मुद्दाम सोडलं आहे. त्यावर आपल्या गावाचं नाव लिहा. नाव कागदोपत्री एक आणि बोलण्यात दुसरं असेल तर दोन्ही लिहा. वस्त्यांची, टोल्यांची नावं लिहा. शाळेच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश फोनवरून उतरवा आणि टिंब कसं वाचायचं ते शब्दात लिहा. मग ते पान फाडून तहसीलला नेऊन द्या, पोच घ्या आणि एक प्रत त्या सुभेदाराच्या खिशात राहू द्या. पूर आल्यावर बोट कोणाची, हेलिकॉप्टर कोणाचं हे आपल्या हातात नसेल. पण ‘कोणतं सोनेगाव?’ असं पलीकडून विचारलं गेलं तर उत्तराचा कंस आधीच भरलेला असणं आपल्या हातात आहे.

नालवाडी, वर्धा
रोहिणी नक्षत्र